टॉवर दिसतो, रेंज पण आहे, मग संध्याकाळी काय होतं?

इंदूरला हल्ली कुठल्याही उंच गच्चीवर चढलं की आजूबाजूच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाकीशेजारी एक छोटा पांढरा डबा दिसतो, पाइपला क्लॅम्प मारून बसवलेला, आणि त्यातून एक केबल खाली घरात गेलेली. वैशाली नगर, सुदामा नगर, निपानिया, बिचोली, सगळीकडे. हे 5जीवर चालणारं घरचं ब्रॉडबँड. देशात 5जी सुरू झालं 1 ऑक्टोबर 2022 ला, इंदूरला त्याच वर्षाच्या शेवटी आलं, आणि मग 2023 च्या ऑगस्टमध्ये एअरटेलनं दिल्ली-मुंबईत आणि त्याच वर्षी गणेश चतुर्थीला जिओनं आठ शहरांत हे घरचं वायरलेस सुरू केलं. त्या पहिल्या आठात आपलं इंदूर नव्हतं, आपल्याकडे नंतर आलं, पण आलं ते झपाट्यानं पसरलं.

आता लग्नकार्यात, अहिल्योत्सवात, कुठंही चार ओळखीची माणसं भेटली आणि त्यांना कळलं की मी काही वर्षं एका टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्क सेंटरात काम केलंय, की हाच विषय निघतो. घेऊ का, चालतं का, पावसात बंद पडतं का. त्याचं उत्तर देते मी. पण त्याच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं आणि त्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते म्हणजे "चला, आता गावांचा पण प्रश्न मिटला, तार टाकायची भानगडच नको, टॉवर लावला की झालं." हे मला पटत नाही. अजिबात नाही. आणि ते का पटत नाही हे दोन मिनिटांत लग्नाच्या पंगतीत सांगता येत नाही म्हणून इथं.

बघा, गच्चीवरच्या डब्यापासून टॉवरपर्यंत जे काही आहे तेवढंच हवेतून जातं. शहरात हे अंतर बरेचदा पाचसातशे मीटर असतं, गावाकडे दोनचार किलोमीटर. टॉवरच्या पुढं काय? टॉवरवरून डेटा कुठंतरी जायला पाहिजे ना, तो एक तर फायबरनं जातो किंवा मायक्रोवेव्हनं, म्हणजे टॉवरवर ते ढोलकीसारखं गोल भांडं दिसतं ना तिथून दुसऱ्या टॉवरच्या तसल्याच भांड्याकडे. आमच्या धंद्यात ह्याला बॅकहॉल म्हणतात. ग्राहकाला तो कधी दिसत नाही, जाहिरातीत कधी येत नाही, आणि सगळा खेळ तिथं आहे. इंदूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण 1978 पासून नर्मदेचं पाणी पितो, आणि गल्लीतला नळ कितीही नवा कोरा बसवला तरी खाली नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी वर चढलंच नाही तर नळाला काय येणार. टॉवर म्हणजे तो नळ आहे.

शहरात हे 5जीचं ब्रॉडबँड छान चालतं त्याचं कारण हेच, की शहरात टॉवरच्या पायथ्यापर्यंत फायबर आधीच आलेलं असतं. 3.3 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे रेडिओ लहरींच्या त्या भागात, एखाद्या कंपनीकडे 100 मेगाहर्ट्झ रुंदी असली, वर चौसष्ट अँटेनांचं ते चपटं पॅनल असलं, तर एका सेक्टरमधून, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या भागातून, एक हजार एमबीपीएसच्या वर निघू शकतं, आणि एका टॉवरला साधारण तीन सेक्टर असतात. एवढा डेटा वाहून न्यायला फायबर पाहिजेच, आणि ते शहरात आहे. म्हणजे मजेशीर गोष्ट अशी होते की जिथं तार दारापर्यंत जवळजवळ पोचलेलीच आहे तिथं वायरलेस उत्तम चालतं, आणि जिथं तार नाही म्हणून वायरलेसची खरी गरज आहे तिथं ते लंगडतं. माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

मग शहरात तार जवळ असताना लोक डबा का लावतात असं कुणी विचारेल. त्याला कारणं आहेत आणि ती अगदी खरी आहेत. नवीन टाउनशिपमध्ये बिल्डरनं किंवा सोसायटीनं एकाच इंटरनेटवाल्याशी करार केलेला असतो, दुसऱ्याला डक्टमध्ये केबल घालू देत नाहीत, तो एकटा मनाला येईल ते दर लावतो, आणि तक्रार केली तर चार दिवस कुणी फिरकत नाही. अशा ठिकाणी गच्चीवरचा डबा म्हणजे सुटका आहे. भंवरकुआँकडे पीएससीच्या तयारीची पोरं राहतात, एका घरात दहादहा खोल्या, मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, पोरं सहा महिन्यांनी खोली बदलतात, त्यांना खिडकीत ठेवायचं यंत्र बरं पडतं. रामबाग, नारायण बागेतले जुने वाडे, तिथं तर कुठल्या भिंतीतून काय गेलंय हे घरच्यांना सुद्धा माहीत नसतं. आणि राजवाडा-सराफ्याच्या बोळांमधे वर डोकं केलं की आकाशापेक्षा केबलच जास्त दिसतात, त्यात अजून एक टाकण्यापेक्षा हवेतून आलेलं बरंच की. हे सगळं मान्य. पण हे लक्षात ठेवा की ही शहरातल्या अडचणींवर शहरातली तोड आहे.

घेणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, डबा लावायला येणाऱ्या मुलाला सांगा की भिया, मोबाइलवर दांड्या किती दिसतात ते नको, संध्याकाळी आठनंतर येऊन स्पीड दाखव. आणि डबा घराबाहेरच लावा, टॉवरच्या दिशेला. 3.3 गिगाहर्ट्झची लाट भिंतीतून फार दमते, आणि आजकाल त्या चकचकीत कोटिंगच्या काचा लावतात ना, त्या धातूचा थर असल्यामुळे सिग्नल बाहेरच परतवतात. समोर आंब्याचं किंवा निंबाचं मोठं झाड असेल तर पावसाळ्यात ओल्या पानांनी अजून फरक पडतो. बास, शहराचं एवढंच.

आता घाटाकडे चला. इंदूरहून महूच्या पुढं गेलं की मानपूरपाशी माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याची कड सुरू होते, खाली निमाड. जानापाव तिथंच, चंबळ उगवते ती टेकडी, आणि जाम गेट पण त्याच कडेवर. माझा आतेभाऊ त्या भागात शेती करतो, गहू, सोयाबीन, लसूण, बटाटा. मी दादा म्हणते त्याला, बराच मोठा आहे माझ्यापेक्षा. गावात टॉवर आहे. मोबाइलवर 4जी लिहून येतं, दांड्या पण चांगल्या असतात, आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या कव्हरेजच्या नकाशात गाव रंगलेलं आहे. (हे नकाशे आता सगळ्यांना दाखवावेच लागतात, ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकानं, 2024 च्या गुणवत्तेच्या नियमांत ते बंधनकारक केलं, चांगलं केलं.) म्हणजे कागदोपत्री गावात वायरलेस ब्रॉडबँड पोचलेलं आहे. आणि दुपारी बारा वाजता खरोखरच आहे, माझी भाची दुपारी व्हिडिओ बघते, व्यवस्थित चालतो. संध्याकाळी साडेसात ते साडेदहा मात्र तिचा लाइव्ह क्लास असतो भंवरकुआँच्या एका कोचिंगचा, आणि नेमका तेव्हा सरांचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो, मग ती फोन घेऊन गच्चीवर जाते, मग खाली येते, वहिनी म्हणतात अगं थंडीत कुठं बसतेस, आणि शेवटी ती रात्री उशिरा रेकॉर्डिंग बघते. प्रश्न विचारायचे राहतात ते राहतातच. इंदूरला खोली घेऊन राहिलेल्या मुलाला हे सोसावं लागत नाही, आणि परीक्षा दोघांना एकच आहे.

हे का होतं ते बघू. 4जीच्या एका सेक्टरला समजा 10 मेगाहर्ट्झ मिळालेत. नेहमीच्या दोन अँटेनांच्या मांडणीत त्याचा कागदावरचा कमाल वेग साधारण 75 एमबीपीएस. कागदावरचा. प्रत्यक्षात फोन टॉवरपासून लांब, मधे घर, झाड, उतार, तर त्याच्या निम्मं मिळालं तरी चांगलं म्हणायचं. आणि हे एका माणसाला नाही, त्या सेक्टरमधे जितकी माणसं आहेत त्या सगळ्यांना मिळून. व्हिडिओला एकेक एमबीपीएस धरला तरी तीसपस्तीस फोन झाले की संपलं. आणि संध्याकाळी शेतावरून आल्यावर, जेवण झाल्यावर, आजूबाजूची तीन गावं एकदम फोन हातात घेतात. आमच्याकडे ह्या वेळेला बिझी अवर म्हणायचे आणि नेटवर्क सेंटरात त्या वेळेचा यूटिलायझेशनचा आलेख बघितला की ग्रामीण साइट्स सगळ्या वर जाऊन छताला टेकलेल्या असायच्या. दांड्या पूर्ण दिसतात कारण दांड्या म्हणजे सिग्नलची ताकद, सेक्टरमधे जागा किती उरली हे त्या सांगतच नाहीत.

ह्याच्यावर अजून एक थर आहे. तो टॉवर बहुतेक वेळा मायक्रोवेव्हनं दुसऱ्या टॉवरला लटकलेला असतो, दुसरा तिसऱ्याला, आणि कुठंतरी हायवेच्या कडेला एकाला फायबर असतं. अशा साखळीत हायवेवरच्या साइटची वीज गेली, बॅटऱ्या दमल्या आणि जनरेटरमधे डिझेल नसलं तर मागची चारपाच गावं एकदम अंधारात. जोराच्या पावसात 15-18 गिगाहर्ट्झचे लांब हॉप, म्हणजे टॉवर ते टॉवर टप्पे, कमकुवत होतात. आणि घाटाच्या कडेला तर विचारूच नका, एका खोऱ्यात रेंज आणि वळण घेतलं की शून्य, कारण मायक्रोवेव्हला समोरासमोर दिसावं लागतं आणि टेकडी काही बाजूला सरत नाही.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की गावात 5जी आणा म्हणजे झालं, तेव्हा मला वाटतं आधी विचारा की टॉवरच्या मागं काय आहे. 5जीचा रेडिओ बसवून मागं जुनाच दोनतीनशे एमबीपीएसचा मायक्रोवेव्ह ठेवला तर फोनवर 5जी असं लिहून येईल फक्त. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, लांब जातो, झाडाभिंतीतून जातो, गावाला तोच योग्य आहे, 2022 च्या लिलावात तो फक्त जिओनं घेतला, पण तो अरुंद आहे, दर सर्कलमधे, म्हणजे परवान्याच्या दर विभागात, 10 मेगाहर्ट्झ. लांब पोचणं आणि जास्त वाहणं ह्या दोन गोष्टी एकाच पट्ट्यात मिळत नाहीत, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, कुठल्या कंपनीचा दोष नाही. 26 गिगाहर्ट्झमधे प्रचंड डेटा जातो पण काहीशे मीटरच्या पुढं नाही, आणि मधे झाड आलं की संपलं. तो इंदूरच्या गजबजलेल्या छप्पन दुकानला कामाचा, जाम गेटला नाही.

आता एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे कारण आपल्याच माळव्यातली आहे आणि आपल्याच लोकांना माहीत नाही. गावापर्यंत नेटवर्क नेण्याचा विचार देशात बाकीच्यांनी नीट सुरू करायच्या आधी तो आपल्या शेजारी धार जिल्ह्यात झाला होता. 1 जानेवारी 2000 ला तिथं ज्ञानदूत सुरू झालं, गावागावांत सूचनालय नावाची केंद्रं, तिथं बसणारा गावचाच शिकलेला मुलगा, त्याला सूचक म्हणायचे, आणि तो मंडीचे भाव, खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नक्कल, तक्रारीचे अर्ज हे सगळं कॉम्प्युटरवर करून द्यायचा थोडे पैसे घेऊन. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंजचा पुरस्कार मिळाला. पण अडचण काय होती, टेलिफोनची लाइन. डायल-अप लागायचं नाही, लागलं तर तुटायचं, खांब पडला की आठवडा गेला. म्हणून तिथं आयआयटी मद्रासच्या प्राध्यापक अशोक झुनझुनवालांच्या गटानं बनवलेलं कॉरडेक्ट वापरून बघितलं, म्हणजे गावच्या घरावर एक छोटी अँटेना, दहा किलोमीटरच्या आत बेस स्टेशन, आणि फोन चालू असतानाच 35 केबीपीएस इंटरनेट, फोन नसला तर 70. आज हे आकडे वाचून पोरं हसतील, पण तेव्हा शहरातल्या घरात मोडेम किरकिर करत होतं आणि फोन आला की नेट बंद. त्याच वर्षी जूनमधे आयटीसीनं मध्य प्रदेशातच सोयाबीनच्या शेतकऱ्यांसाठी ई-चौपाल सुरू केलं आणि त्यांनी तर पुढं बऱ्याच ठिकाणी टेलिफोनच्या लाइनऐवजी सॅटेलाइटची तबकडी लावली, केंद्र चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरावर. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच मातीत दोन्ही वायरलेस प्रयोग झालेत, आणि दोन्हींना जिथं अडलं ते मागच्या जोडणीपाशी, खर्चापाशी आणि विजेपाशी. आजची अडचण त्याच जागी उभी आहे.

मधल्या काळाचं थोडक्यात. 2010 ला 3जीचा आणि ब्रॉडबँड वायरलेसचा लिलाव झाला, सरकारला एक लाख कोटींच्या वर मिळाले, 2300 मेगाहर्ट्झचा पट्टा देशभर घेणारी इन्फोटेल नावाची एकच छोटी कंपनी निघाली आणि ती लगेच रिलायन्सनं घेतली. 2012 च्या एप्रिलमधे एअरटेलनं कोलकत्यात पहिलं 4जी सुरू केलं. आणि 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आल्यावर डेटाचे भाव जे कोसळले त्यानं गावाचं चित्र खरंच बदललं, ह्यात वाद नाही. आज देशातल्या दर दहा ब्रॉडबँड कनेक्शनांपैकी नऊच्या वर वायरलेसच आहेत. तरी गावांत शंभर माणसांमागे साधारण 59 फोन कनेक्शनं आणि शहरात 130 च्या वर, हे ट्रायचेच आकडे. आणि ब्रॉडबँड कशाला म्हणायचं? 2004 च्या धोरणात 256 केबीपीएस पुरे होते, मग 512 झाले, आणि 2023 च्या जानेवारीत 2 एमबीपीएस. म्हणजे भाचीला 2 एमबीपीएस मिळाले की ती ब्रॉडबँडवाली. संध्याकाळी आठला मिळतात का, ते ह्या मोजणीत कुठं येत नाही, आणि माझा खरा राग ह्यावर आहे. पोहोच मोजतात, गर्दीच्या वेळचा वेग गावनिहाय मोजून लोकांपुढं ठेवत नाहीत.

आणि हे फक्त अभ्यासाचं किंवा करमणुकीचं नाही हो. आपल्या राज्यात आज गावच्या माणसाचं कुठलं काम ऑनलाइन नाही ते सांगा. समग्र आयडीचं (राज्याच्या कुटुंब-ओळखक्रमांकाचं) ई-केवायसी, खसरा-खतौनी, शिष्यवृत्ती. गहू समर्थन भावाला विकायचा तर ई-उपार्जनवर नोंदणी, मग स्लॉट बुक करायचा. स्लॉट उघडले की सगळा तालुका एकदम त्या पोर्टलवर, आणि त्यात आधारचा ओटीपी येतो दोन मिनिटं उशिरा, तोवर पान कालबाह्य. दादा अशा वेळी मोटारसायकल काढून मानपूरला कियॉस्कवर जातो. पेट्रोल, वेळ, आणि तिथं रांग. शहरातल्या माणसाला दोन मिनिटांचं काम, गावच्या माणसाचा अर्धा दिवस. मग त्याला सांगायचं की तुझ्या गावात नेटवर्क आहे, नकाशात बघ?

बरं, पैसा नाही असंही नाही. कंपन्यांच्या उत्पन्नातून 5 टक्के गावांसाठीच्या निधीत जातात, 2002 पासून, आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे आता डिजिटल भारत निधी. 2022 च्या जुलैमधे जिथं 4जी नाही अशा 24,680 गावांसाठी 26,316 कोटी मंजूर झाले, काम बीएसएनएलकडे. 2025 च्या सप्टेंबरमधे बीएसएनएलचं स्वदेशी 4जी देशभर सुरू झालं, सी-डॉट, तेजस आणि टीसीएसनं बनवलेलं, ही मला खरंच अभिमानाची गोष्ट वाटते, कारण आमच्या वेळी रॅकमधे एक पाटी आपल्या देशातली दिसायची नाही. आणि फायबरसाठी भारतनेट आहे, 2011 ला मंजूर झालं तेव्हा नाव वेगळं होतं, लक्ष्य अडीच लाख पंचायती. 2023 च्या ऑगस्टमधे त्याचा सुधारित कार्यक्रम आला, 1,39,579 कोटींचा, आणि त्यातली सगळ्यात मोठी सुधारणा पैशाची नाही, रिंगची आहे. आधी फायबर एका सरळ रेषेत जायचं, ब्लॉकपासून पंचायत, पुढची पंचायत, त्याच्या पुढची. मधे जेसीबीनं तोडलं की पुढच्या सगळ्या बंद. रिंग केली की एका बाजूनं तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं चालू राहतं. ज्यांनी फायबर कटच्या रात्री काढल्यात त्यांना ह्या एका निर्णयाची किंमत कळेल. रस्ता रुंद करणारा, नळाची लाइन टाकणारा, सगळे खोदतात आणि कुणी कुणाला विचारत नाही, मग रात्री तीनला तुटलेलं फायबर जोडणारा स्प्लायसिंगवाला मुलगा हेडलाइट लावून चिखलात बसतो.

दादाच्या पंचायतीत फायबर आलेलं आहे आणि चालतं. पंचायत भवनात सचिवाच्या टेबलामागं ते कपाट आहे, दिवे लुकलुकतात. टॉवर तिथून दिसतो, चालत पाच मिनिटं. आणि तो टॉवर मायक्रोवेव्हवर आहे. फायबर इथं, टॉवर तिथं, मधे एक शेत आणि शाळेचं मैदान, आणि दोघांची गाठ नाही. शाळा पण मधेच आहे, तिथं स्मार्ट क्लासचा टीव्ही आहे आणि मास्तर आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावून तो चालवतात. मी हे बघितलं तेव्हा मला रात्री नीट झोप लागली नाही, खरं सांगते, कारण डोंगर फोडायचा नाही, पट्टा विकत घ्यायचा नाही, फक्त पाचसातशे मीटर केबल आणि तीन खात्यांची सही एवढंच मधे आहे.

माझ्या मते गावासाठी खरा रस्ता असा आहे, आधी फायबर पंचायतीपर्यंत आणि तिथून टॉवरपर्यंत, आणि मग शेवटचा तुकडा हवेतून, जसा जमेल तसा. 5जीचा डबा लावा, चांगलाच आहे. किंवा गावचा केबलवाला असतो ना, ज्यानं टीव्हीची केबल टाकली होती आणि आता त्याचा धंदा बसलाय, त्याला हाताशी धरा. 5 गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा 2018 पासून बाहेर उघड्यावर वापरायला परवान्याशिवाय मोकळा आहे, त्यावरचे छोटे रेडिओ समोरासमोर दिसत असेल तर वाडीवस्तीपर्यंत आरामात पोचतात. आणि पीएम-वाणी आहे, 2020 च्या डिसेंबरमधे मंजूर झालेली, त्यात किराणा दुकानदार सुद्धा वायफाय लावून पाचदहा रुपयांत विकू शकतो, परवाना नाही, फी नाही. ती नीट चालली नाही कारण दुकानदाराला मागचं इंटरनेट फार महाग पडायचं, त्याला व्यावसायिक लाइन घ्यायला लावायचे. 2025 च्या जूनमधे ट्रायनं ठरवून दिलं की घरगुती फायबरच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त त्याच्याकडून घेता येणार नाही, 200 एमबीपीएसपर्यंत. आता जमू शकतं. पण ह्या प्रत्येक गोष्टीला आधी मागं फायबर लागतंच. स्टारलिंकला पण 2025 च्या जूनमधे परवाना मिळाला, घाटातल्या एकट्यादुकट्या वस्तीला, जंगलातल्या नाक्याला सॅटेलाइट बरोबर आहे, पण अख्ख्या गावानं संध्याकाळी आठला व्हिडिओ बघायचा तर आकाशातली जागा पण वाटूनच घ्यावी लागते.

दादाला मी बरेच दिवस सांगत होते की नुसतं वैतागून उपयोग नाही, लिहून दे. आता 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज केलाय, हिंदीत, कारण तिथं हिंदीच चालते, आणि भाचीनं तो टाइप केला. त्यात पंचायत भवनापासून शाळेपर्यंत आणि आरोग्य केंद्रापर्यंत फायबर ओढायचा ठराव मागितलाय, खोदाई पंचायत करून देईल असं लिहून. टॉवर ज्यांचा आहे त्या कंपनीला पत्र, की आमच्याकडून जागा, खोदाईची परवानगी आणि पोल लगेच, तुम्ही टॉवर फायबरवर घ्या. बसस्टँडवरच्या दुकानदारानं वाणीचं वायफाय लावायची तयारी दाखवलीय, त्याला पंचायतीच्या लाइनवरून कनेक्शन. आणि शेवटी एक तक्ता जोडलाय, ट्रायच्या मायस्पीड ॲपवर गावच्या वेगवेगळ्या टोकांना रात्री आठ ते दहा मधे घेतलेल्या टेस्टचा, दुपारच्या टेस्ट शेजारी ठेवून. तो तक्ता भाचीनं आणि तिच्या मैत्रिणींनी केलाय, खालच्या मोहल्ल्यापासून वरच्या वस्तीपर्यंत फिरून. सरपंचबाईंनी तो सगळ्यात आधी वाचला, आणि शेजारच्या दोन पंचायतींकडून पण असाच मागवा म्हणाल्या, म्हणजे जनपदला, वरच्या ब्लॉकच्या पंचायतीला, एकत्र देता येईल.